कॅलरीचा आकडा नेमका कुणासाठी?

गेल्या दिवाळीत आई-बाबा माझ्याकडे पुण्यात आले होते. खरेदी उरकून आम्ही मॉलच्या फूड कोर्टमध्ये जेवायला बसलो. काउंटरवरच्या मेनूत प्रत्येक पदार्थासमोर किंमत होती आणि किमतीच्या शेजारी आणखी एक बारीक आकडा होता. बाबांनी चष्मा लावला आणि विचारलं, "हे केसीएएल काय आहे गं?"

"त्या पदार्थातून किती ऊर्जा मिळते ते."

बाबांनी मान डोलावली. बोट फिरवत फिरवत खाली आले आणि सगळ्यात मोठ्या आकड्यावर थांबले. "मग हेच घेऊ. वीस रुपयेच जास्त आहेत, पण ताकद दुप्पट."

आई हसली, मीही हसले. मग मी लगेच शिकवणी सुरू केली. बाबांना गेली आठ वर्षं मधुमेह आहे आणि मी पोषणशास्त्रात पीएचडी करतेय, म्हणजे असं भाषण देण्याचा हक्क मला आहेच असं मी धरून चालते. हा आकडा जास्त खाण्यासाठी नसून कमी खाण्यासाठी आहे, वगैरे वगैरे. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं, मेनू बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मग मला बिनसाखरेचा चहाच सांग."

त्या रात्री मला झोप लागेना. बाबा १९७२च्या दुष्काळात दहा वर्षांचे होते. आजी-आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तिथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरची अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन त्या घरानं ते वर्ष काढलं. एवढ्या पैशात पोटाला जास्तीत जास्त काय मिळेल, हा हिशेब त्यांच्या अंगात मुरलेला आहे. आणि खरं सांगायचं तर कॅलरीचा इतिहास बघितला की लक्षात येतं, मेनूवरचा आकडा बाबांनी चुकीचा वाचला नव्हता. तो मूळच्या अर्थानं वाचला होता. मधल्या काळात आकडा तोच राहिला, त्याला विचारायचा प्रश्न मात्र बदलत गेला. आजचा लेख त्या बदलाबद्दल आहे.

इंजिनाचा प्रश्न

कॅलरी हा शब्द आहाराच्या पुस्तकातून आलेला नाही. पॅरिसमध्ये निकोला क्लेमां नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८१९ ते १८२४च्या सुमारास उष्णता आणि वाफेच्या इंजिनांवर व्याख्यानं देत असत. एक किलो पाण्याचं तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढवायला लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी, अशी व्याख्या त्यांनी वापरली. आज आपण तिला किलोकॅलरी म्हणतो आणि बोलताना 'किलो' गाळून टाकतो. प्रश्न होता यंत्राचा: इतका कोळसा जाळला तर किती काम होईल?

प्राण्याचं शरीरही एक प्रकारची शेगडी आहे, हा विचार त्याआधीच आला होता. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फानं वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवला. किती बर्फ वितळला आणि प्राण्यानं किती वायू बाहेर सोडला हे मोजून त्यांनी निष्कर्ष काढला की श्वसन म्हणजे सावकाश होणारं ज्वलन आहे. पुढे १७९४ मध्ये लाव्हाझिएंना गिलोटिनवर चढवलं गेलं, पण कल्पना टिकली. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत, मुख्यतः म्युनिकला, फोइट आणि त्यांचे विद्यार्थी रुबनर यांनी ती माणसाच्या आहाराला लावली.

आमच्या प्रयोगशाळेत मी आजही तेच करते, फक्त उपकरण बदललंय. भाकरी वाळवायची, दळायची, त्यातलं ग्रॅमभर पीठ दाबून गोळी करायची. ती गोळी पोलादी डब्यात ठेवायची, डब्यात दाबानं ऑक्सिजन भरायचा, डबा पाण्यात बुडवायचा आणि विजेच्या तारेनं आतल्या आत पेटवायची. पाणी दीड-दोन अंशानं तापतं. त्यावरून हिशेब. या उपकरणाला बॉम्ब कॅलरीमापी म्हणतात. दिसायला तो बऱ्यापैकी प्रेशर कुकरसारखाच दिसतो.

अडचण एवढीच की आपलं पोट म्हणजे पोलादी डबा नाही. डब्यात सगळं जळून राख होतं. पोटात काही पचतं, काही तसंच बाहेर जातं. प्रथिनांचा काही भाग युरियाच्या रूपात लघवीवाटे जातो आणि त्याच्याबरोबर थोडी ऊर्जाही जाते. म्हणजे डब्यातला आकडा आणि अंगी लागणारा आकडा वेगळे. हा फरक मोजायचं काम ज्या माणसानं केलं, त्याचं नाव मेनूवर कुठंच नसतं, पण तिथला जवळपास प्रत्येक आकडा त्याच्याच सूत्रातून येतो.

अ‍ॅटवॉटर आणि मजुराचं ताट

विल्बर अ‍ॅटवॉटर (१८४४-१९०७) अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात मिडलटाउनच्या वेस्लियन विद्यापीठात प्राध्यापक होते. येल विद्यापीठात मक्याच्या रासायनिक घटकांवर त्यांनी १८६९ मध्ये डॉक्टरेट केली होती. पुढे ते जर्मनीला गेले आणि फोइट-रुबनर यांच्या पद्धती शिकून आले. १८८७ मध्ये 'सेंच्युरी' मासिकातल्या लेखमालेतून त्यांनी सामान्य अमेरिकन वाचकाला कॅलरी समजावून सांगितली.

१८९०च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझा यांच्याबरोबर त्यांनी माणूस मावेल असा कॅलरीमापी बांधला. धातूचा पत्रा लावलेली लाकडी खोली, साधारण सात फूट लांब आणि चार फूट रुंद. आत झोपायला खाट, बसायला खुर्ची. भिंतींच्या आतून थंड पाण्याचे पाइप फिरवलेले. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता ते पाणी शोषून घ्यायचं आणि बाहेर बसलेले लोक पाण्याचं तापमान टिपत राहायचे. आतला माणूस काही दिवस तिथेच खाणार, झोपणार, कधी एका जागी बसवलेली सायकल चालवणार. आत जाणारा प्रत्येक घास आणि बाहेर येणारी विष्ठा, लघवी आणि हवा, सगळं मोजलं जाणार. आत बसणाऱ्यांत विद्यार्थीही होते. (आमच्या गाइडना ही माहिती मी मुद्दाम सांगितलेली नाही.)

यातून आणि शेकडो पदार्थांच्या विश्लेषणातून जे निघालं ते आज शाळेच्या पुस्तकात असतं: एक ग्रॅम कर्बोदकं ४ किलोकॅलरी, एक ग्रॅम प्रथिनं ४, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९. बॉम्बमध्ये प्रथिनं साडेपाचच्या वर आकडा देतात. न पचलेला भाग आणि लघवीतून जाणारी ऊर्जा वजा करून अ‍ॅटवॉटर ४ वर आले. म्हणजे हे तीन आकडे सरासरीवर बेतलेले आणि सोयीसाठी पूर्णांकात आणलेले आहेत.

आता खरा मुद्दा. अ‍ॅटवॉटरना हे कशासाठी हवं होतं? लठ्ठपणा त्यांच्या डोक्यात नव्हता. त्यांच्यापुढे होता कारखान्यातला मजूर, ज्याच्या पगाराचा मोठा हिस्सा खाण्यावर जायचा. अ‍ॅटवॉटर म्हणायचे, गरीब माणूस महागडे तुकडे विकत घेतो आणि कमी पोषण पदरात पाडून घेतो. म्हणून त्यांनी तक्ते बनवले: पंचवीस सेंटमध्ये कोणत्या पदार्थातून किती प्रथिनं आणि किती कॅलरी मिळतात. त्या तक्त्यात गव्हाचं पीठ आणि वाटाणे-घेवडे वर, ऑयस्टर तळाला. जितका आकडा मोठा तितका सौदा चांगला.

म्हणजे बाबांनी फूड कोर्टमध्ये जे केलं, तंतोतंत तेच.

या हिशेबाला एक भोकही होतं. पालेभाज्या आणि फळं त्यात हरायची, कारण पैशाच्या मानानं त्यांत कॅलरी फार कमी. व्हिटॅमिन हा शब्दच १९१२ मध्ये आला, तोवर अ‍ॅटवॉटर वारले होते. जे मोजता येत नव्हतं ते त्यांच्या लेखी ताटात नव्हतंच. ही सवय पुढे पोषणशास्त्राला बराच काळ चिकटून राहिली, आणि थोडीफार आम्हालाही चिकटलेली आहे.

आकडा उलटा फिरतो

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, युरोपला धान्य पाठवायचं होतं आणि देशात अन्न वाचवायची मोहीम सुरू झाली. जास्त खाणं हे आता आळसाबरोबर देशद्रोहाचंही लक्षण ठरू लागलं.

याच हवेत १९१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांचं 'डाएट अँड हेल्थ, विथ की टू द कॅलरीज' हे पुस्तक आलं. त्या स्वतः एकेकाळी जाड होत्या आणि ते त्यांनी लपवलं नाही. भाषा खेळकर, मधूनमधून लहान भाच्यानं काढलेली काडीची माणसं. त्यांनी वाचकाला, खरं तर वाचक बाईला, पोळी-तुकड्यांत विचार करण्याऐवजी कॅलरीत विचार करायला शिकवलं. वजन कमी करायचं तर दिवसाला १२०० कॅलरींत बसवा, आणि वजन उतरल्यावरही मोजणं आयुष्यभर सोडू नका. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या.

तीस-एक वर्षांत आकडा पूर्ण उलटा फिरला. अ‍ॅटवॉटरच्या तक्त्यात मोठा आकडा म्हणजे फायदा, पीटर्सबाईंच्या तक्त्यात मोठा आकडा म्हणजे पाप. पदार्थ तेच, सूत्र तेच. तक्ता वाचणारा माणूस मात्र दुसऱ्या वर्गातला होता. पहिल्याला मजुरी मिळायची, दुसरीच्या घरी भरलेलं कपाट होतं. आणखी एक गोष्ट इथे बदलली. अ‍ॅटवॉटरच्या डोक्यात मजुरी, बाजारभाव, देशाची शेती होती. पीटर्सबाईंकडे येईपर्यंत सगळा प्रश्न एका बाईच्या मनोनिग्रहावर येऊन थांबला. हे लक्षात ठेवा, मेनूकार्डाजवळ पोचलो की परत लागेल.

कुन्नूर ते पुणे

भारतात कॅलरी आली ती भुकेच्या मोजमापासाठी. निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी सुरू केलेल्या छोट्या चौकशीची पुढे पोषण प्रयोगशाळा झाली. १९३५ ते १९४५ तिचे संचालक होते वॉलेस एक्रॉइड. १९३७ मध्ये त्यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ज्वारी, बाजरी, नाचणी, तूर यांना पहिल्यांदाच असं पद्धतशीर तक्त्यात स्थान मिळालं. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. ज्वारीच्या १०० ग्रॅमला ३४९ किलोकॅलरी हा जो आकडा आपल्याकडे वर्षानुवर्षं छापला गेला, तो याच संस्थेच्या १९७१च्या तक्त्यातला. एक्रॉइड पुढे बंगालच्या दुष्काळाच्या चौकशी आयोगावर होते. या माणसांना 'जास्त खाणं' हा भारतातला प्रश्न वाटणं शक्यच नव्हतं.

मग गोष्ट पुण्यात येते. १९७१ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब कोणाला म्हणायचं? त्यांनी पाया धरला माणशी रोज २२५० कॅलरींचा. एवढं अन्न मिळेल इतका खर्च ज्या घराला झेपत नाही, ते गरीब. १९६०-६१च्या आकडेवारीवर त्यांचा अंदाज निघाला: ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरात सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात तो दुष्काळ पडला, ज्यात आजी खडी फोडत होती. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृती गटानं ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० कॅलरी हा निकष धरला आणि देशाची दारिद्र्यरेषा बराच काळ त्यावर उभी राहिली. कोणाला गरीब मोजायचं, हे एका रासायनिक सूत्राला जोडलं गेलं होतं.

या आकड्याला पुण्यातूनच आव्हान मिळालं. पां. वा. सुखात्मे मूळ सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम पाहून पुण्याला परतलेले. त्यांचा मुद्दा असा: एकाच माणसाचं खाणं आणि खर्च होणारी ऊर्जा रोज सारखी नसते, आठवड्या-आठवड्यालाही बदलते आणि शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं. मग सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा? सरासरीलाच किमान मानलं तर कुपोषितांची संख्या फुगते. दांडेकरांनी याला जोरदार उत्तर दिलं आणि हा वाद 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त बराच रंगला. विरोधकांची भीती साधी होती: शरीर जुळवून घेतं असं एकदा म्हटलं की सरकारला हात झटकायला मोकळीक.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला सुखात्म्यांचा रागच आला होता. आता वाटतं, धोरणाची भीती खरी होती आणि संख्याशास्त्राचा मुद्दाही खरा होता. सरासरी हा गटाबद्दलचा आकडा असतो. तो एका माणसाच्या ताटाला लावला की गडबड होते, मग तो माणूस उपाशी असो की जाड.

न्यूयॉर्कचा फलक

आता मेनूकार्ड. अमेरिकेत १९९०च्या कायद्यानं पाकीटबंद पदार्थांवर पोषणतक्ता सक्तीचा केला, पण हॉटेलांना सूट दिली. तोवर अमेरिकन माणूस अधिकाधिक बाहेर खाऊ लागला होता आणि लठ्ठपणा वाढत होता. डिसेंबर २००६ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य मंडळानं साखळी उपाहारगृहांना फलकावर कॅलरी लिहायचा नियम केला. उपाहारगृहांची संघटना कोर्टात गेली, २००७ मध्ये नियम रद्द झाला. मंडळानं नियम बदलून २००८ मध्ये पुन्हा आणला: १५ किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांनी किमतीइतक्या ठळक अक्षरात कॅलरी लिहायच्या. यावेळी तो टिकला. २०१० मध्ये आरोग्यविम्याच्या मोठ्या कायद्यात हीच तरतूद देशभरासाठी आली, २० किंवा जास्त शाखांच्या साखळ्यांसाठी. अंमल व्हायला मात्र मे २०१८ उजाडलं. इंग्लंडनं एप्रिल २०२२ पासून २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या व्यवसायांना ही सक्ती केली. खाण्याच्या मानसिक आजारांनी त्रस्त लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी तिथे विरोध केला होता, कारण त्या रुग्णांना प्रत्येक आकडा टोचतो.

मग फरक पडला का? न्यूयॉर्कचा नियम आला तेव्हा संशोधक गरीब वस्त्यांतल्या फास्ट फूड दुकानांबाहेर उभे राहिले आणि गिऱ्हाइकांच्या पावत्या तपासल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, आकडे पाहिलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के लोक म्हणाले की आमच्या निवडीवर परिणाम झाला. पावत्या काय म्हणत होत्या? नियमाआधी सरासरी खरेदी ८२५ कॅलरी, नंतर ८४६. संख्याशास्त्राच्या भाषेत हा फरक नगण्य, पण कमी झालं नाही एवढं नक्की. त्याच शहरात एका मोठ्या कॉफी साखळीच्या व्यवहारांत मात्र कॅलरी ६ टक्क्यांनी घटल्याचं दुसऱ्या अभ्यासात दिसलं.

सगळे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन समीक्षेनं २०१८ मध्ये अंदाज दिला होता की ६०० कॅलरींच्या जेवणात ४७ कॅलरी कमी होतात. २०२५च्या सुधारित समीक्षेत, जास्त आणि चांगले अभ्यास घेतल्यावर, हा परिणाम आला ११ कॅलरींवर. साधारण केळ्याचा दहावा भाग म्हणा, फार तर.

माझ्या मते जास्त आशेची गोष्ट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे घडत नाही, ती स्वयंपाकघरात घडते. अमेरिकेतल्या मोठ्या साखळ्यांनी या काळात नव्यानं आणलेल्या पदार्थांत कॅलरी जुन्यांपेक्षा कमी असल्याचं संशोधकांना आढळलं. चारचौघांत आकडा लावायची वेळ आली की लावणाऱ्यालाही थोडी लाज वाटते. पण कायद्याची चर्चा नेहमी उलट चालते: माहिती दिली ना, आता निवड तुमची, जबाबदारी तुमची. पीटर्सबाईंचा मनोनिग्रह इथे परत आला.

आणि आकड्याची स्वतःची मर्यादा आहेच. अमेरिकेत ४२ उपाहारगृहांतले २६९ पदार्थ बॉम्बमध्ये जाळून पाहिले, तेव्हा एकूण सरासरी बरोबर निघाली, पण १९ टक्के पदार्थांत लिहिल्यापेक्षा किमान १०० कॅलरी जास्त होत्या. उलट बाजूला बदाम. अ‍ॅटवॉटरच्या सूत्रानं मूठभर, म्हणजे २८ ग्रॅम, बदामांना जवळपास १७० कॅलरी मिळतात. २०१२ मध्ये अमेरिकी कृषी विभागाच्या शास्त्रज्ञांनी माणसांना बदाम खायला घालून मोजलं तर अंगी लागल्या १२९. बाकीचं स्निग्ध बदामाच्या पेशींत अडकून बाहेर गेलं.

आपल्याकडचा मेनू आणि आपलं शरीर

भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनुसार दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात. अंमल २०२२ पासून. म्हणून मॉलमध्ये आकडा दिसतो आणि कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर, खानावळीत, एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये दिसत नाही. बहुतेक मराठी माणसांचं बाहेरचं खाणं या नियमाच्या बाहेरच होतं.

मेनूच्या तळाशी एक ओळही असते: सक्रिय प्रौढ माणसाला दिवसाला सरासरी २००० किलोकॅलरी लागतात, गरज व्यक्तीनुसार बदलू शकते. हे २००० आले कुठून? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पाकिटांसाठी एक संदर्भ आकडा हवा होता. लोकांनी स्वतः सांगितलेल्या खाण्यावरून २३५० निघत होता, पण तो लोकांना जास्त खायला उद्युक्त करेल असं वाटलं, म्हणून खाली आणून गोल केला. आपल्याच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या स्त्रीला लागतात १६६० आणि कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषाला ३४७०. माझी आई आणि ऊसतोड कामगार एकाच २००० मध्ये कसे बसणार?

यापेक्षा खोल प्रश्न शरीराचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. स्नायू कमी, अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून राहिलेली. बारीक दिसणारं, पण आतून चरबीचं प्रमाण जास्त असलेलं शरीर. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

यामागची एक मांडणी अशी की पिढ्यान्‌पिढ्या कमी अन्नावर वाढलेलं शरीर टंचाईसाठी तयार होतं आणि नंतर सुबत्ता आली की तेच शरीर लवकर मधुमेहाकडे झुकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत २४ टक्के जादा वजनाच्या किंवा लठ्ठ आणि त्याच वेळी १८.७ टक्के कमी वजनाच्या निघाल्या. दांडेकरांचा प्रश्न संपलेला नाही आणि न्यूयॉर्कचा प्रश्न येऊन पोचलाय. कधी एकाच गावात, कधी एकाच घरात, आणि बाबांच्या बाबतीत एकाच शरीरात.

मग मेनूवरचा आकडा काढून टाकायचा का? नाही. मला तो असलेला आवडतो. त्याचा धाक साखळ्यांच्या स्वयंपाकघराला वाटावा आणि तो खरा आहे की नाही हे कुणीतरी अधूनमधून जाळून तपासावं. पण लठ्ठपणा-मधुमेहावरचं उत्तर म्हणून एवढाच आकडा पुढे केला जात असेल, तर ते पुरेसं नाही. शाळेतल्या ताटात काय आहे, डाळ आणि भाजी काय भावानं मिळते, गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत काय खायला मिळतं, हे प्रश्न मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात मावत नाहीत.

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा लॅपटॉपवर बाबांना अ‍ॅटवॉटरचा तक्ता दाखवला आणि पंचवीस सेंटची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकलं. म्हणाले, "म्हणजे तो माणूस माझ्यासारखाच हिशेब करत होता की."

मी म्हटलं, "हो, आणि त्या दिवशी मी उगाच बोलले तुम्हाला."

"ते जाऊ दे. आता मी खायचं काय ते सांग."

आम्ही कागद घेऊन बसलो. डॉक्टरांची फाइल समोर ठेवली. भाकरी दोनाऐवजी एक, डाळ-उसळ वाढवायची, भात फक्त दुपारी, जेवणानंतर देवळापर्यंत चक्कर. त्या कागदावर कॅलरीचा एकही आकडा नाही. आई तो फ्रिजवर चिकटवायला गेली आणि जाता जाता तिनं विचारलं की तिच्यासाठीचा कागद कधी करणार. तो अजून झालेला नाही. पुढच्या सुट्टीत करायचाय.